टायवरचा डाग आणि व्याजाचा दर

ओसाकाच्या दक्षिणेला मात्सुकाझे नावाची एक छपराखालची बाजारगल्ली आहे. या गल्लीत धंदा कसा चाललाय हे कुणी कुणाला खरं सांगत नाही. विचारतात मात्र सगळे. सकाळी शटर वर करताना समोरचा विचारतो, "काय, होतेय का कमाई?" आणि आपण म्हणायचं, "चाललंय, बरंय." दारात आगीचा बंब उभा असला तरी "चाललंय, बरंय", आणि लॉटरी लागली असली तरी तेच. चाळीस-चाळीस वर्षं समोरासमोर बसलेल्या माणसांनी एकमेकांची आजारपणं काढली, पोरींची लग्नं लावली, पण या प्रश्नाचं दुसरं उत्तर काही ऐकलं नाही.

अशा या गल्लीतून सरकारला देशाची आर्थिक स्थिती समजून घ्यायची होती, आणि त्या कामासाठी निवड झाली एइझो कुसुमोतो यांची.

कुसुमोतोंचं ड्रायक्लीनिंगचं दुकान. वय बासष्ट. गल्ल्यावर उभं राहायचं तर टाय बांधून, ही वडिलांची शिस्त त्यांनी अजून पाळली होती, आणि अडतीस वर्षांत त्या टायवर एकही डाग पडू दिला नव्हता. लोकांचे डाग काढणाऱ्याच्या अंगावर डाग दिसला तर गिऱ्हाइकानं विश्वास तरी कशावर ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. बाकी आयुष्यात त्यांना कुणी कशावरही निवडलं नव्हतं. वर्गात मॉनिटर नाही, दुकानदार संघात साधे खजिनदार नाहीत. देवळाच्या उत्सवात पालखीला खांदा द्यायला एकदा चौथ्या रांगेत जागा मिळाली होती, पण खांदा दांडीपर्यंत पोचेना म्हणून पुढच्या वर्षी तीही गेली. त्यामुळे 'आपल्या भागाच्या आर्थिक स्थितीचे निरीक्षक म्हणून आपण काम पाहाल का' असं पत्र आलं, तेव्हा त्यांनी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा उभं राहून वाचलं.

काम सोपं होतं. महिन्याच्या शेवटी एक फॉर्म भरायचा. स्थिती चांगली, थोडी चांगली, आहे तशीच, थोडी वाईट, की वाईट, यांपैकी एकावर खूण करायची आणि खाली कारण लिहायचं. अटी दोन. कारण आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं हवं, ऐकीव नको. आणि आपण निरीक्षक आहोत हे कुणालाही कळता कामा नये. कळलं तर माणूस बदलावा लागेल, असं फार नम्र भाषेत लिहिलं होतं.

पहिल्या महिन्यात कुसुमोतोंनी 'आहे तशीच'वर खूण केली आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'चाललंय, बरंय.'

तिसऱ्या दिवशी कचेरीतून सुगितानी बाईंचा फोन आला. "आपण फार छान भरलाय फॉर्म. फक्त कारणाच्या जागी कारण लिहिलंत तर आमच्यावर मोठे उपकार होतील." बाई इतक्या गोड बोलल्या की आपल्याला झापलं, हे कुसुमोतोंच्या लक्षात फोन ठेवल्यावर आलं.

मग ते गल्लीत फिरले. चहापत्तीवाल्याला विचारलं, मासळीवाल्याला विचारलं, चपलांच्या दुकानात विचारलं. अकरा दुकानांत अकरा वेळा "चाललंय, बरंय" ऐकून ते परत आले आणि खट्टू होऊन गल्ल्यावर उभे राहिले. समोर धुवायला आलेले सात टाय पडले होते. एकेक उलटून पाहता पाहता त्यांचा हात थांबला. सातही टाय स्वच्छ होते. घामाचे पिवळे डाग होते, पण सॉसचा एक थेंब नव्हता.

आता हे धुलाईवाल्यालाच कळावं. ओसाकाचा माणूस बाहेर जेवला की तव्यावरची कोबीची धिरडी खातो, त्यावर काळा गोड सॉस असतो, आणि तो सॉस टायवर सांडल्याशिवाय जेवण पुरं होत नाही. वडिलांच्या काळात, भरभराटीच्या दिवसांत, टायवर काय काय असायचं: फ्रान्सची वाइन, लोणी, खेकड्याचा रस्सा, आणि बायकोची नसलेली लिपस्टिक. हळूहळू लिपस्टिक गेली, वाइन गेली, राहता राहिला सॉस. आता तोही आटला, म्हणजे माणसं घरी जेवायला लागली. कुसुमोतोंनी फॉर्म ओढला आणि लिहिलं, 'नोकरदारांच्या टायवर सॉसचे डाग कमी झाले आहेत. जे येतात ते सोया सॉसचे, म्हणजे घरच्या ताटातले. स्थिती थोडी वाईट.'

पुढच्या महिन्यात ते सरकारच्या मासिक अहवालात छापून आलं. नाव नाही, फक्त 'कपडे धुलाई (मालक)'. पण शब्दन् शब्द त्यांचाच. आयुष्यात एवढा आनंद त्यांना दुकानाची नवी मशीन आली तेव्हाही झाला नव्हता. कुणाला सांगायचं नव्हतं म्हणून त्यांनी कात्रण कापलं आणि देवघरात वडिलांच्या फोटोपुढे, उदबत्तीच्या वाटीखाली ठेवलं. मेलेल्या माणसाला सांगू नये असं नियमात कुठं नव्हतं.

पण त्या फोटोपुढे रोज सकाळी भात ठेवते ती त्यांची बायको हात्सुए, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

"अहो, हे तुम्ही लिहिलंत?"

"कुठे काय?"

"टायवरचे डाग बघून देशाचं भविष्य सांगणारा दुसरा कोण आहे या देशात?"

कुसुमोतोंनी कबूल केलं आणि तिच्याकडून शपथ घेतली. हात्सुएनं ती मनापासून पाळली. फक्त गाण्याच्या क्लासमधल्या सात जणींना सांगितलं, आणि तेही एकेकीला बाजूला घेऊन, शपथ घालून. सायंकाळी कुसुमोतो शटर ओढत होते तेव्हा चपलावाला लांबून ओरडला, "कुसुमोतो सान, देश काय म्हणतोय?"

दुसऱ्या दिवशी तोमोई बाई आल्या. समोरचं धिरड्यांचं दुकान त्यांचं. सत्तरी उलटलेली, केस जांभळट रंगवलेले, दुकानदार संघाच्या अध्यक्षा. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात तशातली बाई. त्यांनी गल्ल्यावर दोन्ही कोपरं टेकली.

"कुसुमोतो सान, मी तुमचं काय घोडं मारलंय?"

"काय झालं?"

"सॉसचे डाग कमी झाले, म्हणजे माझी धिरडी खपत नाहीत, असं तुम्ही तोक्योला कळवलंत."

"तुमचं नाव नाही लिहिलं मी."

"चार गल्ल्यांत सॉसवाली मीच एक. नाव कशाला लिहायला हवंय? तोक्योच्या लोकांपुढे माझी लाज काढलीत." एवढं बोलून त्यांनी पर्समधून चघळायची गोड गोळी काढून कुसुमोतोंच्या हातावर ठेवली, कारण ओसाकाच्या बायकांनी भांडायला गेलं तरी गोळी द्यायची असते. मग एकाएकी त्या विचारात पडल्या. "थांबा. स्थिती वाईट असली की बँका व्याज वाढवत नाहीत ना?"

"म्हणतात तसं."

"आणि आपल्या छपराचं कर्ज बदलत्या व्याजाचं आहे."

गल्लीचं छप्पर तीन वर्षांपूर्वी पतपेढीकडून कर्ज काढून दुरुस्त केलं होतं. तरी ते मासळीवाल्याच्या डोक्यावर गळतंच, पण तो विषय वेगळा.

"मग असं करा," तोमोई बाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला 'थोडी वाईट'मधलं 'थोडी' काढून टाका."

"मी बघतो तेच लिहितो," कुसुमोतो म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच फार आवडलं.

"मग बघायची व्यवस्था आम्ही करतो," असं म्हणून बाई गेल्या.

घरी वेगळीच तऱ्हा. हात्सुएकडे काही साठवलेले पैसे होते, आणि ते आहेत हे कुसुमोतोंखेरीज सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्या दिवशी जेवताना तिनं स्वतःच सांगून टाकलं. "तीस वर्षं माझे पैसे पतपेढीत झोपलेत. व्याज म्हणून नुसता भोपळा. आता कुठं दर वाढणार म्हणतात, तर तुम्ही तिकडे 'वाईट वाईट' लिहिताय. एकदा 'चांगली' म्हणायला तुमचं काय जातं?"

"तुझ्याकडे किती आहेत?"

"विषय व्याजाचा चाललाय," हात्सुए म्हणाली.

तेव्हापासून गल्लीत दोन पक्ष पडले. कर्जवाल्यांचा आणि ठेवीवाल्यांचा. देशाच्या मध्यवर्ती बँकेत जो वाद मोठमोठी माणसं बंद दाराआड घालतात, तो मात्सुकाझे गल्लीत कपड्यांवरून सुरू झाला. तोमोई बाईंच्या पक्षानं स्वच्छ कपडे आणायला सुरुवात केली. आम्ही बाहेर कुठे खातोपितो, हे दाखवायला. चपलावाल्यानं तीन टाय आणले, तिन्ही दुकानातून आणल्यासारखे कोरे. चहापत्तीवाल्यानं सूट आणला तो ओला होता.

"हा घरी धुतलाय तुम्ही," कुसुमोतो म्हणाले.

"डाग निघालाय का नीट ते बघा."

"कसला डाग?"

"नव्हताच हो. तेच तर सांगतोय."

आणि गाण्याच्या क्लासमधल्या बायका नवऱ्यांचे कपडे आणू लागल्या ते सॉसनं माखलेले. शर्ट, टाय, एक रेशमी कमरपट्टा, त्यावर खेकड्याचा अख्खा पाय चिकटलेला. एकीनं आणलेल्या कोटावर तर डाग पाठीवर होता. वीतभर लांब.

"पाठीवर कसा सांडला?"

"मागून वाढलं त्यांनी," बाई न अडखळता म्हणाली.

दुकानात कपड्यांचे ढीग लागले. मशीन सकाळी सुरू झाली की संध्याकाळी बंद व्हायची. दहा-बारा वर्षांत एवढा धंदा झाला नव्हता. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता, पण कुसुमोतो वाळत चालले. सरकारनं त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला सांगितलं होतं, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे सगळी गल्ली नाटक करत होती. त्यांनी सॉसचे डाग नाकाला लावून पाहिले. तव्यावर पडलेल्या सॉसला जरा करपट वास असतो. हे सगळे डाग कच्चे होते, बाटलीतून थेट ओतलेले. सरकारी कामात असली भेसळ चालू द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. पण ती लिहायची कशी? भेसळ झाली असं लिहिलं तर ती कशामुळे झाली हेही लिहायला हवं, आणि ते लिहिलं की निरीक्षकपद जाणार. बासष्ट वर्षांत एकदा मिळालेला मान, तोही चार महिन्यांत.

महिनाअखेरीला पतपेढीचे इमानिशी आले. स्कूटरवरून दारोदार फिरून ठेवी गोळा करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि निवृत्तीला सहा महिने राहिले होते. कुसुमोतोंनी आडून आडून विचारलं, "दर वाढणार का हो?"

"तुम्ही काय लिहिताय त्यावर," इमानिशी हसून म्हणाले. "आमच्या शाखेत पैज लागलीय. मी 'थोडी चांगली'वर लावलंय, जमलं तर बघा."

कुसुमोतोंनी हातातला कोट खाली ठेवला. "म्हणजे तुम्हालाही माहीत आहे."

"आमच्या मॅनेजरची बायको गाण्याच्या क्लासला जाते. पण तुम्ही कशाला एवढा घोर लावून घेता? दर ठरवणारी माणसं तोक्योत बसतात. ती काय तुमच्या टायवर ठरवणार? अशी दोन हजार माणसं लिहितात देशभरातून."

"दोन हजार?"

"वरच असतील, कमी नाही."

आपण एकटेच निरीक्षक आहोत असं कुसुमोतोंना कधी वाटलं नव्हतं. पण पाचपन्नास असतील, असा त्यांचा अंदाज होता. दोन हजारांतला एक म्हणजे पालखीची चौथी रांगसुद्धा नव्हे. इमानिशी गेल्यावर ते बराच वेळ त्या कोटाच्या पाठीवरच्या डागाकडे बघत बसले. मग फॉर्म काढला. दोन हजारांतला एक असलो तरी हा एक खोटा नको, असं काहीसं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी 'आहे तशीच'वर खूण करून खाली लिहिलं: 'या महिन्यात डागांवर भरवसा ठेवता येत नाही. मी डाग बघतो हे लोकांना कळलं आहे. दुकानात गर्दी आहे, पण ती स्थिती सुधारल्यामुळे नाही, माझ्यामुळे आहे.'

सुगितानी बाईंचा फोन या वेळी दुसऱ्याच दिवशी आला. "विचारू नये, पण विचारणं भाग आहे. आपण निरीक्षक आहात हे कुणाकुणाला कळलंय?"

नाही म्हणता आलं असतं. फोनवर चेहरा दिसत नाही. कुसुमोतोंनी टायची गाठ सारखी केली आणि म्हणाले, "बायकोला. गल्लीला. पतपेढीच्या शाखेला. आणि माझ्या वडिलांना, पण ते वारलेत."

"वडिलांचं चालून जाईल," बाई म्हणाल्या. "आपण खरं लिहिलंत, ते आम्ही आकड्यात धरू. छापता मात्र यायचं नाही. आणि नियम आपल्याला ठाऊकच आहे."

"आहे."

"आपल्या जागी कुणी सुचवाल? आजूबाजूचं बारीक बघणारं?"

कुसुमोतोंनी काचेतून समोर पाहिलं. "एक बाई आहेत. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. पण त्यांच्या तोंडाची खात्री नाही."

"निवड झाली की पुष्कळांचं तोंड मिटतं," सुगितानी बाई म्हणाल्या. त्यांनी नाव लिहून घेतलं, आणि आठवड्याभरानं आभाराचं पत्र आणि एक टॉवेल आला. टॉवेल चांगल्या सुताचा होता. कुसुमोतोंनी तो वापरला नाही.

आपल्याला काढलं हे त्यांनी स्वतःच गल्लीत सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दुकान ओस पडलं. लोकांचे सगळे कपडे धुऊन झाले होते. लग्नाचे, मयताचे, हिवाळ्याचे, सगळेच. आता सहा महिने धुवायला काही उरलं नव्हतं. पंधरवड्यानं इमानिशी दोन पत्रं घेऊन आले. व्याज वाढलं होतं, कर्जाचंही आणि ठेवीचंही. छपराच्या हप्त्यात प्रत्येक दुकानामागे महिन्याला अर्ध्या धिरड्याइतकी वाढ झाली. हात्सुएनं आपलं वर्षाचं व्याज काढलं, त्यात अंड्यांचा एक ट्रे येत होता. दोन्ही पक्षांनी धुलाईवर याच्या कितीतरी पट पैसे घातले होते, पण तसं कुणी बोललं नाही. तोमोई बाईंनी सकाळी विचारलं, "होतेय का कमाई?" आणि कुसुमोतो म्हणाले, "चाललंय, बरंय."

चालत काही नव्हतं. दर गुरुवारी दुपारी समोर जाऊन एक धिरडं खायचं, टायवर कागदी रुमाल बांधून, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. तो त्यांनी सोडला. चार वाजले की दिवा मालवून ते आत बसायचे. धंदा नाही याचं दुःख होतंच, पण खरं दुःख वेगळं होतं. सकाळी फोटोपुढे हात जोडताना वडिलांना सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि याची त्यांना लाज वाटायची.

वाचनालयात जाऊन दर महिन्याचा अहवाल चाळायची सवय मात्र सुटली नाही. काढून टाकलेला माणूस जुन्या ऑफिसावरून उगाच चक्कर मारतो, तसंच ते. तिसऱ्या महिन्यात चाळता चाळता त्यांची नजर एका जागी थांबली. आपलाच भाग. 'खाद्यपदार्थ (मालक)'. खाली लिहिलं होतं:

'समोरचे धुलाईवाले दर गुरुवारी जेवायला यायचे. तीन महिने येत नाहीत. चारला दिवा मालवतात. घरून डबा आणतात, त्यात भात आणि खारवलेलं आलुबुखार, एवढंच असतं. विचारलं तर बरंय म्हणतात. स्थिती थोडी वाईट.'

कुसुमोतोंनी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा उभं राहून वाचलं. प्रथम त्यांना रागच आला, कारण बाईंनी डब्यात डोकावून पाहिलं होतं. मग तो राग ओसरला. सबंध देशात आपण काय जेवतो हे कुणीतरी बघतंय आणि सरकारला कळवतंय, हे त्यांना सोसवेना. आणि जिच्या तोंडात तीळ भिजत नाही त्या बाईनं, तीन महिने रोज समोर बसून, एक अक्षर बाहेर काढलं नव्हतं.

गुरुवार होता. त्यांनी वाचनालयातून थेट तोमोई बाईंचं दुकान गाठलं आणि तव्यासमोरच्या बाकावर बसले.

"होतेय का कमाई?" त्यांनी विचारलं.

"चाललंय, बरंय," तोमोई बाई म्हणाल्या. चेहऱ्यावर रेष हलली नाही.

बाईंनी कोबी घातलेलं पीठ तव्यावर पसरलं, उलटलं, वर सॉस फिरवला. सॉस कडांवरून तव्यावर उतरला आणि करपट गोड वास सुटला. कुसुमोतोंना भूक लागली होती, खरोखरची, तीन महिन्यांची. त्यांनी एक संपवलं आणि दुसरं मागितलं. दुसऱ्याच्या तिसऱ्या घासाला सॉसचा मोठा थेंब सुटला आणि टायच्या बरोबर मध्यावर पडला.

दोघंही त्या डागाकडे बघत राहिले.

"रुमाल देऊ?" तोमोई बाईंनी विचारलं.

"राहू द्या," कुसुमोतो म्हणाले.

बाईंनी कागदी रुमालांचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. मग पाठ फिरवून, भिंतीवरच्या कॅलेंडरमागून पेन्सिल काढली आणि काहीतरी टिपून घेतलं. कुसुमोतोंनी तिकडे मुद्दाम पाहिलं नाही. ते खाली मान घालून जेवत राहिले. डाग खरा होता.